कागदावरची मालकीण

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार

मी छापून आले! कालच्या शर्यतीच्या कार्डावर, अगदी मधोमध – घोडी 'हॅनीची हौस', मालक सौ. बी. लेनिहन. बी म्हणजे बॅट, माझा नवरा. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी पुढे नाव त्याचंच. जिवंत होता तोवर मला लगामाला हात लावू दिला नाही. म्हणायचा, हॅनी, तू कोंबड्या बघ. आणि आता मी उड्यांच्या घोडीची मालकीण. वरून बघत असेल तर पाइप विझला असेल त्याचा.

कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाचायला तसाही वेळ लागतो – शाळा तिसरीत सुटली, तेही आमचे मास्तर कंटाळले म्हणून.

घोडी तिसरी आली. चिखल इतका की चौथं कोण आलं ते कळलंच नाही, सगळे एकाच रंगाचे.

आता खरं लिहिते. घोडी माझी नाही. मोठ्या फादरांची आहे, फादर शीहन यांची. पाद्र्याने शर्यतीचा घोडा पाळायचा नाही, शर्यतीच्या दोरीच्या आत पाऊलही टाकायचं नाही, असा बिशपांचा नियम. म्हणून घोडी माझ्या तबेल्यात, माझ्या नावावर. तिच्यावर बसतो माझा नातू कॉन. दाणा फादर आणतात. मी काय देते? नाव. बाकी माझ्याकडे होतं काय द्यायला.

गावात ही गोष्ट कुणालाच माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. आमच्याकडे त्यालाच माहीत नसणं म्हणतात.

३ फेब्रुवारी

पेग म्हणाली, "सासूबाई, ते कार्ड येशूच्या तसबिरीत खोचलंय, ते आधी काढा." काढलं. पेग माझी सून, कॉनची आई. तिला घोडे आवडत नाहीत. तिचा नवरा, माझा डेनी, क्रीमरीत दुधाच्या कॅन मोजतो आणि घरी कुणाच्याच बाजूने बोलत नाही. शहाणा आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपास. कपाळाला राख लावून आले. साखर सोडली. मागच्या वर्षीही सोडली होती, तेव्हा मध किती खाल्ला ते देवाला ठाऊक. या वर्षीही मध सोडते असं मी म्हटलेलं नाही.

फादर रोज सकाळी घोडी बघायला येतात. पण पाद्री रोज एकाच घरी कशाला जाईल? तर आजारी माणसाला भेटायला. म्हणजे आजारी मी. काळी पिशवी हातात, गळ्यात जांभळा पट्टा, चेहरा असा लांब – आणि थेट तबेल्यात. आज पलीकडच्या गावची एक बाई पेगला रस्त्यात थांबवून हळूच विचारत होती, "सासूबाईंचं कधी होईल असं वाटतं?"

पेग म्हणाली, "पुढच्या शर्यतीपर्यंत टिकतील."

मी आतून ऐकलं आणि इतकी हसले की खोकला आला. बाईची खात्रीच पटली.

कबुलीजबाब मात्र आता इथे देता येत नाही. खोटं बोलले म्हणून सांगायचं कुणाला? ज्यांच्यासाठी बोलले त्यांनाच? मागे एकदा सांगून बघितलं. जाळीआडून फादर म्हणाले, "ते राहू दे हॅनी, तिच्या डाव्या गुडघ्याची सूज उतरली का?" तेव्हापासून मी बस धरून दुसऱ्या गावच्या चर्चला जाते. तिथल्या पाद्र्याला म्हटलं, फादर, मी स्वतःला भलतंच काही म्हणवून घेते. त्याने विचारलं, वय कमी सांगता का? म्हटलं, तेही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पॅट्रिकच्या सणाला शर्यत आमच्याच शेतांतून जाणार. मॉसी ट्वूमी कुंपणं बांधायला आला. दर वर्षी तोच बांधतो. काटेरी झुडपं कापून आणतो, त्यांच्या पेंढ्या खांबांमध्ये ठोकून ठोकून बसवतो, मग मागे सरून एक डोळा मिटून बघतो. स्वतःच्या लग्नात बायकोकडे त्याने असं बघितलं नसेल.

शेवटून दुसरं कुंपण माझ्या घरासमोर येतं. रस्त्याच्या पलीकडे शर्यत, अलीकडे माझं घर, म्हणजे दोरीच्या बाहेर. गवताच्या माळ्याचं दार उघडलं की अर्धी शर्यत दिसते. म्हणून दर वर्षी आजूबाजूचे पाद्री माझ्या माळ्यावर. नियम मोडत नाही आणि शर्यतही बुडत नाही. चार काळे झगे एका ओळीत आणि दुर्बीण एकच. खालून बघितलं तर कावळेच. चहा मी शिडीवरून वर देते.

मॉसीला आज इतिहास चढला होता. "हॅनीबाई, हे सगळं कुणी सुरू केलं सांगा बरं."

इथलं पाळण्यातलं पोरही सांगेल. दोनशे वर्षांपूर्वी ओ'कॅलहन आणि ब्लेक असे दोन गृहस्थ. तुझा घोडा चांगला की माझा, यावरून पैज लागली. बटेव्हंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून निघायचं आणि डोनरेलच्या मनोऱ्याला पोचायचं, सरळ. मध्ये येईल त्यावरून उडी – बांध, ओढा, भिंत, कुणाचे कोबीचे वाफे. मनोरा कशाला? तो लांबून दिसतो, दारू प्यायलेल्यालाही दिसतो. बक्षीस वाइनचं पिंप होतं म्हणतात. आणि जिंकलं कोण? ते कुणीच धड सांगू शकत नाही. मला हेच फार आवडतं. दोन माणसं उड्या मारत गेली, कोण जिंकलं ते विसरून गेली, आणि त्यांच्यामागे आम्ही अजून उड्या मारतोय. इंग्रजांनी बघितलं, त्यांनाही खूळ लागलं, लिव्हरपूलला केवढी मोठी शर्यत उभी केली. सपाट गवतावर पळणारे घोडे श्रीमंतांचे. त्यात बघायचं काय? पळाले, संपलं. उडीत कसं, शेवटच्या कुंपणापर्यंत कुणाचंच काही ठरलेलं नसतं. मागचा पुढे येतो, पुढचा तोंडावर पडतो. दोन गायींच्या शेतकऱ्याचा घोडाही सरदाराच्या घोड्याला चिखल खाऊ घालतो. म्हणून माणसं येतात. त्या दिवशी शाळा बंद, दुकानं बंद. मागे एकदा अंत्यविधीही दुसऱ्या दिवसावर ढकलला होता – आणि म्हाताऱ्याच्या घरचेच म्हणाले की त्याला हेच आवडलं असतं.

पेगने दारातून टोमणा मारलाच. "ते दोन्ही मनोरे प्रोटेस्टंटांचे होते, एवढं सांगा."

मोठे फादर तबेल्यातून बाहेर येत होते. म्हणाले, "मनोरे त्यांचे, पेग. बांध आपले. आणि माणूस पडतो तो बांधावर."

१ मार्च

वाट्टेल ते बोलते मी. आज चर्चबाहेर एक सूटवाला मला विचारतो, "लेनिहनबाई, शर्यतीला जमीन कशी आहे?" म्हटलं, "ओली." त्याने मान हलवली आणि हे काहीतरी खोल आहे असं समजून दुसऱ्याच्या कानात सांगितलं. मी पुढे म्हटलं, "पण वरून वरून." कशाला म्हटलं कोण जाणे. तो टोपी काढून गेला.

मालकिणीसारखी चालायला लागलेय असं डेनी म्हणतो. डेनी बोलला म्हणजे खरंच असणार.

९ मार्च

फादर आज तबेल्यात बादली पालथी घालून बसून राहिले. जूडी त्यांच्या टोपीचा वास घेत होती. (घरी आम्ही तिला जूडी म्हणतो. हौस फक्त कार्डावर.) त्यांनीच तिला काहिरमीच्या बाजारातून आणली, बरगड्या मोजता येत होत्या. त्यांचे वडील घोडेवाले होते, हे मला आज कळलं. सहा भावांत हे सगळ्यात चांगले स्वार. म्हणून आईने यांनाच देवाला दिलं, चांगलं असेल तेच द्यायचं म्हणून.

मग म्हणाले, "हॅनी, हे बिशपांना कळलं तर मला ते त्या बेटावर पाठवतील." समुद्रातलं ते बेट. आधी एकाला पाठवलं होतं, त्याचाही घोडाच निघाला होता. तिथे घोडा सोडा, झाड नाही. आणि त्याचा घोडा आठवड्यात विकून टाकायला लावला, इंग्लंडला गेला.

"जूडी इंग्लंडला?" मी म्हटलं.

"आणि मी बेटावर," फादर म्हणाले. त्यांना वाटलं मी त्यांना विसरले.

विसरलेच होते.

१६ मार्च

केक दोन. एक कावळ्यांना, एक घरी. उद्या सणाची उपासातून सुट्टी. काळी टोपी झटकली. तिच्यावर जाळी आहे, बॅटच्या मातीला घेतली होती. पेग म्हणाली, "कुणाच्या मातीला निघालात?" उत्तर दिलं नाही. मालकीण आहे मी.

१७ मार्च

आज लिहवत नाही.

१८ मार्च, बुधवार

लिहिते. हसू येतं, मग पेन खाली ठेवते, आणि परत हसू येतं. असं कधी झालं नव्हतं.

सुरुवात झकास. माणसं किती! मॅलोकडून, लिमरिककडून, सायकली, ट्रॅक्टर, एक तर बाळाच्या गाडीत बिअरची पिंपं घालून आला होता. आतल्या रिंगणात मालकांनी स्वाराशी शेवटचं बोलायचं असतं. बाकीचे मालक बोटं दाखवून काहीबाही समजावत होते. मी कॉनजवळ गेले. सगळे बघत होते. म्हटलं, "आत लोकरीचं घातलंयस का?" कॉन म्हणाला, "आजी, तोंड वेगळं कर, लोक बघतायत." मी बोट वर करून दूर डोंगराकडे दाखवलं. त्याने गंभीरपणे मान हलवली.

मग मी माझ्या कुंपणापाशी दोरीला येऊन उभी राहिले. माळ्यावर चार कावळे, मोठ्या फादरांच्या हातात दुर्बीण. पहिल्या फेरीला जूडी मधोमध. दुसऱ्या फेरीला पुढे. माझ्या बाजूला पेग, डोळे मिटून. तिला डोळे मिटूनच शर्यत बघता येते.

माझ्याच घरासमोर जूडी पडली. उडी चांगली घेतली, पण पलीकडे पाय घसरले. ती एकीकडे, कॉन दुसरीकडे. आणि दोघंही हलेनात.

आणि मग मी बघितलं – माझ्या माळ्याच्या शिडीवरून मोठे फादर खाली येत होते. येत होते कसलं, सुटले होते. साठी उलटलेला माणूस, अंगाने भरलेला, झगा कमरेपर्यंत उचललेला. रस्ता ओलांडला. दोरीखालून वाकले. बांधावरून उडी मारली – तशी उडी काल एकाही घोड्याने मारली नाही. कॉन मधे पडला होता. फादर त्याच्यावरून पलीकडे गेले आणि जूडीच्या पायाशी गुडघ्यांवर बसले.

पाद्री दोरीच्या आत. सगळ्यांनी बघितलं. कमिटीवाल्यांनी, दुसऱ्या गावच्यांनी, ज्यांनी कधीच काही बघितलेलं नसतं त्यांनीही.

फादरांना तेव्हा कळलं आपण कुठे आहोत ते. मी जवळ पोचले होते म्हणून मला तोंड दिसलं त्यांचं. पांढरं. मग वळले, कॉनजवळ सरकले, खिशातून तेलाची डबी काढली आणि मोठ्याने लॅटिन सुरू. शेवटचं तेल! मरणाऱ्यासाठी पाद्री कुठेही जाऊ शकतो, तिथे दोरी आड येत नाही.

कॉन तेवढ्यात उठून बसायला लागला.

"पडून राहा," फादर.

"मी बरा आहे, फादर. नुसता श्वास –"

"पडून राहा म्हणतो ना."

"चिखल गार आहे."

"लॅटिन चालू असताना बोलू नये."

"पण फादर, तेल कशाला? मी काही एवढा –"

"तुझी पापं मला माहीत आहेत, कॉन. डोळे मीट."

मिटले पोराने. काय करणार. आणि लोकांनी काय करावं? टोप्या काढल्या आणि चिखलात गुडघे टेकले, सगळ्यांनी. पैजा घेणाऱ्यांनीसुद्धा, पिशव्या पोटाशी धरून. म्हातारा प्रोटेस्टंट कर्नल गुडघे टेकत नाही, तोही काठीवर वाकला. फादरांचा एक हात कॉनच्या कपाळावर तेल लावत होता आणि दुसरा मागे जूडीच्या पायावरून खाली, खूर, घोटा, गुडघा... मी बघितलं. तो हात थांबला, आणि लॅटिन एकदम आनंदी झालं.

जूडी उठली, अंग झाडलं, सगळ्यांवर चिखल उडाला. आमेन.

१९ मार्च

पेग बोलत नाही. काल रात्रीचं जेवण ताटात आपटलं. आज बोलली.

"तो माझ्या पोरावरून गेला, सासूबाई. ओलांडून. माझं पोर तिथे पडलंय आणि तो घोडीकडे गेला."

म्हटलं, पेग, त्यांना दिसलं असेल की कॉन हलतोय –

"हलत नव्हता. मी डोळे उघडले होते तेव्हा."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही आधी कुठे बघितलंत?"

जूडीकडे. आधी जूडीकडे बघितलं मी. मग कॉनकडे. मध्ये एका श्वासाएवढाही वेळ गेला नसेल, पण तेवढ्यात पेग माझ्याकडे बघत होती.

मी चुलीकडे वळले, आणि पेगला उत्तर मिळालं. एवढी वर्षं एका घरात आहोत.

मग ती म्हणाली, "पोरांच्या सणाला बिशप येतातच आहेत पुढच्या महिन्यात. मी सांगणार. घोडी कुणाची ते."

२१ मार्च, शनिवार

रेडिओवर लिव्हरपूलची शर्यत. शेजारपाजारचे सगळे आमच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने. एरवी मी ओरडून घसा बसवते. आज चहा गाळत राहिले. पेगने माझ्याकडे पाठ करून एका माणसाचे मोजे रफू केले, कुणाचे ते कळलं नाही, बहुधा शेजाऱ्याचे.

मॉसी कॉनला म्हणाला, "काय रे, कबरीतून उठून आलास? तेल सुकलं का?" बाजारात सगळे त्याला लाजरस म्हणतात, येशूने कबरीतून उठवला तो. पोरी म्हणे त्याच्याबरोबर नाचायला घाबरतात, तेल लावलेला माणूस नाचला तर अपशकुन. कॉनला सगळ्यात जास्त राग याचाच. घोडीकडे आधी कोण गेलं याचं त्याला काहीच नाही. मी हळूच विचारलं तर म्हणाला, "आजी, मीही आधी तिच्याकडेच बघितलं."

हे पेगला सांगायची छाती झाली नाही.

२९ मार्च, ईस्टर

साखर सुरू. चव लागली नाही.

प्रवचनानंतर फादरांनी वाचून दाखवलं – चौदा एप्रिलला बिशप पोरांना आशीर्वाद द्यायला येतील. मग थोडं थांबून, कागदात बघत, "आणि त्यानंतर लेनिहनबाईंकडे चहा घेतील. त्यांनी स्वतःहून नाव घेतलं आहे."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. आयुष्यभर मला वाटायचं, असं व्हावं एकदा.

६ एप्रिल, सोमवार

आज फादर मॉसीला घेऊन आले. काळी पिशवी नाही, पट्टा नाही. तबेल्यात न जाता सरळ स्वयंपाकघरात. टोपी काढली. पेग पीठ मळत होती, मळतच राहिली.

"पेग," फादर म्हणाले, "मी आधी घोडीकडे गेलो. बाकी सगळ्यांना मी काहीही सांगेन, तुला नाही. डोळे मिटले की मला तेच दिसतं. कॉन मधे पडलाय आणि मी त्याला ओलांडतोय."

पेगने हात पुसले. खूप वेळ पुसले. मग खुर्ची पायाने थोडी पुढे सरकवली. "बसा" म्हणाली नाही. पण खुर्ची सरकवली.

फादर बसले नाहीत. माझ्याकडे वळले. "हॅनी, बिशप तुला विचारतील घोडी कुणाची. तू माझ्यासाठी खोटं बोलशील."

"बोलीन की," मी म्हटलं. "सवय आहे."

"ते मला नको. शर्यतीच्या कमिटीशी बोललीस ते वेगळं, तेही मीच बोलायला लावलं. घोडी मी तुला विकतो. खरोखर. नंतर परत मागणार नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि फादरांसाठी सरकवलेल्या खुर्चीवर मीच बसले.

"माझ्याकडे काय आहे द्यायला?"

"नाताळच्या जेवणाचा हंस."

"तो अजून अंड्यातून बाहेर आला नाही, फादर."

"म्हणून तर भाव उतरवलाय."

अंगणात गेलो. घोड्याचा सौदा घरात होत नाही. फादरांनी तळहातावर थुंकी टाकली. पाद्र्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं मला शिकवलंय, थुंकलेल्या हाताचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. मॉसीने आम्हा दोघांची मनगटं धरून हात एकमेकांवर आपटले, बाजारात आपटतात तसे, जोरात. "झालं!" म्हणाला. विकणाऱ्याने शकुनाचं नाणं परत द्यायचं असतं, तेही फादरांनी माझ्या हातात ठेवलं आणि मूठ मिटवली.

मग टोपी घालून निघाले. तबेल्याकडे बघितलंही नाही. फाटकापाशी थांबले, वळले नाहीत, तसेच म्हणाले, "उद्या सकाळी आलो तर चालेल का, मालकीणबाई?"

मी म्हटलं, "पाय पुसून या."

असं का म्हटलं मी! रात्री रडू आलं तेव्हा तेच आठवत होतं.

१४ एप्रिल, मंगळवार

बिशप येऊन गेले.

बारीक माणूस. मी जाडजूड कल्पिला होता. बैठकीच्या खोलीत बसले, जिथे आम्ही फक्त मेलेल्यांना ठेवतो. समोर मोठे फादर, हातातल्या बशीत कप टकटक वाजतोय. मी काळी टोपी घरातही घातली होती, काढायची राहिली. पेग केक कापत होती. आजपर्यंत ती बिशपांना सांगणार की नाही यावर एक शब्द बोललेली नव्हती.

बिशपांनी केक खाल्ला. आणखी घेतला. मग कप ठेवून, आवाज न चढवता, "लेनिहनबाई, ती घोडी कुणाची?"

"माझी, बिशपसाहेब." आणि काय हलकं वाटलं! खरं बोलताना असं वाटतं हे विसरलेच होते.

"कधीपासून?"

याची तयारी केलीच नव्हती. फादरांचा कप थांबला. मला हंस दिसायला लागला, अंड्यातला. तोंड उघडलं आणि त्यातून काही येईना – माझ्या तोंडातून!

पेग सुरी ठेवून वळली. म्हणाली, "यांना काय विचारता, साहेब, यांना स्वतःचा वाढदिवस आठवत नाही. घोडी यांचीच. माझं पोर चिखलात पडलं होतं तेव्हा सख्ख्या आजीने आधी घोडीकडे बघितलं. मी बघितलं या डोळ्यांनी. दुसऱ्याच्या घोडीसाठी कुणी असं करतं का?"

आणि बिशपांच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला, जरा जोरातच.

बिशप तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, मोठ्या फादरांकडे बघत होते. फादरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"खरं आहे," बिशप म्हणाले. "दुसऱ्याच्या घोडीसाठी कुणी असं करत नाही."

पुढे काहीच नाही. उठले, आशीर्वाद दिला, गेले. म्हणजे काय झालं? फादरांना कळलं नाही. मला कळलं नाही. बेट की नाही?

पेगला स्वयंपाकघरात म्हटलं, "पेग –"

"काही बोलू नका," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी नाही केलं. ती घोडी गेली तर कॉन इंग्लंडला जाईल तिच्यामागे."

१५ एप्रिल

सकाळी बिशपांची गाडी परत आली. ड्रायव्हर नाही, स्वतः चालवत. मी अंगणात, हातात कोंबड्यांचा दाणा. मला वाटलं, आलं बेट. काच खाली केली, रस्त्याकडे पुढे-मागे बघितलं. म्हणाले, माझी थोरली बहीण नाताळात गेली, लेनिहनबाई. मी क्रूस केला. म्हणाले, तिच्या नावावर एक तांबडा घोडा आहे, पाच वर्षांचा. आता त्याला मालकाचं नाव नाही.

मी गाडीजवळ गेले. विचारलं, "उडी कशी घेतो?"